थर्ड गिअरमध्ये राजूर घाट

सोमवार, ५ मे. दुपार.
आणि शेवटचा बोल्टही निघाला. अर्धाच. उरलेला अर्धा इंजिनात सुरक्षित आहे.
इनटेक मॅनिफोल्ड मांडीवर घेऊन बसलो. हवा याच्याच चार नळ्यांतून चार सिलिंडरांत जाते. आतून सगळा खडबडीत. बिचारी जीप इतकी वर्षं चोंदलेल्या नाकाने धावली. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. शाळेला सुट्टी असली की माणसाला दिसू लागतं.
अट अशी: रविवारी सासूबाईंना बुलढाण्याला सोडायचं. राजूर घाटात जीप थांबली, तर ती गाड्यांचा व्यापार करणाऱ्या फकीर मोहम्मदभाईंना द्यायची. जयमालाने त्यांना परस्पर शब्द दिला आहे. लग्नानंतर मी तिला याच जीपने नांदुऱ्याला आणलं. तिला ते आठवत नाही म्हणते.
घाट थर्ड गिअरमध्ये चढून दाखवतो, असं मी सांगितलं. तेवढं कोणी मागितलं नव्हतं.

मंगळवार
ग्राइंडरने नळ्या आतून घासल्या. आरसा! तिसऱ्या नळीत मधूनच ऊन आलं. भोक. इपॉक्सीने बुजवलं. आता ती जागा मूळपेक्षा मजबूत आहे. बाकीच्या तीन नळ्यांनाही भोकं पाडून बुजवावीत का? विचार चालू.

बुधवार
ब्राझीलच्या एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. भाषा कळली नाही, तत्त्व कळलं. थंड हवा, जास्त ताकद. इथे त्रेचाळीस डिग्री. म्हणजे नांदुऱ्यातलं प्रत्येक इंजिन उन्हाळाभर अर्धपोटी आहे, आणि हे फक्त मला माहीत आहे. जेवलो नाही. आनंदाने.

गुरुवार
कूलरच्या एका बाजूचा वाळा काढून तेलाच्या डब्यात बसवला. डबा मॅनिफोल्डला जोडला. वाळा ओला राहावा म्हणून वर, बोनेटच्या बाहेर, सलाईनची बाटली टांगली. थेंब, थेंब.
जयमाला म्हणाली, काऊन हो, घरात माणसं शिजून राह्यले अन् तुम्ही जीपले कूलर लावून राह्यले? मी कूलरच्या उरलेल्या बाजूंकडे बोट दाखवलं.
सासूबाईंनी बाटली पाहिली. म्हणाल्या, सलाईन लागलं म्हणजे काही खरं नाही. नातेवाइकांले कळवून टाका.

शनिवार
पहिल्याच सेल्फला सुरू! सोबत एक बारीक, गोड शिट्टी. हवा मोकळी झाल्याचं लक्षण. सासूबाई आतून ओरडल्या, जयमाला, तीन झाल्या की गॅस बंद कर वं.
फकीर मोहम्मदभाई बघायला आले. बराच वेळ बोनेटमध्ये वाकून होते. मग माझा हात धरून म्हणाले, सर, मेहरबानी करा, आता अजून सुधरवू नका तिले.
घाबरले आहेत.

रविवार, ११ मे
मोताळ्यापर्यंत उत्तम. मी गात होतो. घाट लागला. थर्ड. पहिलं वळण गेलं. थर्डमध्येच! जयमाला हसत होती, खिडकीची कड घट्ट धरून, नव्या नवरीसारखी. तिला सगळं आठवतं.
अशा वेळी माणूस थोडं जास्त मागतो. जयमालाला स्टिअरिंग धरायला लावून चालत्या जीपमधून उतरलो, बाटलीच्या नळीवरची थेंब कमी-जास्त करायची चकती पूर्ण उघडली, परत चढलो. इतकी ती हळू चालली होती.
पाणी डब्यातून थेट इंजिनात गेलं. एक उचकी, एक ठोका, पांढरा धूर, शांतता. थांबताना गिअर थर्ड होता. याची नोंद असावी.
मागून एसटी आली. सासूबाई तिच्यात चढल्या. खिडकीतून म्हणाल्या, जवाईबुवा, थोडं ग्लुकोज देऊन पाहा. जयमाला रस्त्याच्या कडेला बसून हसली, मग मीही. पोट दुखेपर्यंत. नंतर तिने फोन काढला. फकीर मोहम्मदभाईंना लावला.
तोंड फिरवल्यावर उतारावर जीप बंद इंजिनानेही सुंदर धावली. घाटाखालून पुढे ट्रॅक्टरने ओढून आणली.

सोमवार
सकाळी फकीर मोहम्मदभाई आले. जीप सुरू झाली नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत नेली. ते स्टिअरिंगवर होते. मागून मी आणि जयमाला.