डाळिंब नव्हतं, गुंजन

प्रिय गुंजन,

तुझ्या कादंबरीची तिसरी आवृत्ती भंडाऱ्यात आली. बसस्टँडसमोर पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या भय्याजींनी काल दुपारी माझ्यासमोर गठ्ठा सोडला, म्हणजे बातमी पक्की आहे. म्हणाले, "कॉलेजच्या पोरी रोज विचारून राहिल्या ना बाप्पा. तुमच्याच दिघोरीची आहे ना ही लेखिका?" मी हो म्हटलं आणि आणखी एक प्रत घेतली. वर 'प्रिय' लिहिलं आहे ते पत्राची रीत म्हणून. त्याला फार अर्थ देऊ नकोस.

अठरा वर्षं वर्तमानपत्रात काढल्यावर कोणतीही गोष्ट दोनदा वाचायची सवय लागते. एकदा काय लिहिलं आहे ते पाहायला, दुसऱ्यांदा काय गाळलं आहे ते पाहायला. तुझं पुस्तक मी तसंच वाचलं. ग्रीकांची जुनी कथा तू आजच्या पोरींसाठी नव्यानं सांगितली आहेस. धान्याच्या देवीची मुलगी, तिला जमिनीखाली नेणारा पाताळाचा राजा, डाळिंबाचे सहा दाणे. भाषा चांगली आहे, ते नाकारत नाही. राजाचे डोळे दर चार पानांनी काळेभोर होतात, तेही चालेल, सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांना ते लागतं. पण तुझ्या पाताळात लाल-काळी धूळ आहे, उतरताना दिवा घ्यायचा आणि नावाचा पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा असा नियम आहे. ते पाताळ ग्रीसमधलं नाही. ती चिखल्याची मँगनीजची खाण आहे, आणि तो बिल्ला तुझ्या मामांनी तुम्हा दोघींना दाखवला होता. दोघींना म्हणजे तुला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, मोनिकाला. बारावीनंतरच्या सुट्टीत तुमची जोडी चिखल्याला तुझ्या मामांच्या क्वार्टरात राहायला गेली होती.

अर्पणपत्रिकेत तू लिहिलंस, 'म.साठी, जिनं अंधार स्वतः निवडला.' माझी हरकत तिथून सुरू होते.

तुझा राजा म्हणजे संजीव. त्याला राजा म्हणायचं म्हणजे अवघडच आहे. खाणीतून माल नेणाऱ्या ट्रकांच्या खेपा लिहिणारा सुपरवायझर होता तो, डोक्याला जास्मिनचं तेल लावायचा. मोनिकाच्या आणि त्याच्या चिठ्ठ्या तू पोचवायचीस. ते वयच तसं असतं, त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही आणि आजही बोलत नाही. ती त्याच्या घरी स्वतःच्या पायानं गेली, हेही खरं. अठरा पूर्ण झालेली होती. तो म्हणाला होता, तुमसरला कॉलेजात घालतो. ती पोचली त्याच दुपारी, पहिलं जेवण व्हायच्या आधी, त्यानं कॉलेजचा फॉर्म तिच्यासमोर चुलीत घातला. हे तुझ्या पुस्तकात नाही. पुस्तकात राजा तिला जमिनीखालचं ग्रंथालय दाखवतो.

मोनिका भोळी असेल, पण तिला आपल्या भावकीची रीत ठाऊक होती. पळून गेलेल्या पोरीनं त्या घरचं अन्न तोंडात घातलं नसेल, तर तिला कुणी काही न विचारता परत आणायचं. जेवली असेल, तर ती त्या घरची झाली. शहाणपणाची रीत आहे असं मी म्हणत नाही. पण मोनिकानं ती घट्ट धरली. फॉर्म जळाला त्या दुपारपासून ती पाण्यावर राहिली. आई येईल, भावकीतल्या वडीलधाऱ्या गोमाजीबाबाला घेऊन येईल, तो विचारेल, आणि आपण घरी जाऊ. एवढा एकच हिशोब तिच्यापाशी होता आणि तो चुकीचा नव्हता.

आई आलीच. दिघोरी ते चिखला म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, तीन बस बदलून. धानाच्या रोवणीचे दिवस, पऱ्ह्यांची रोपं हातभर झालेली, मजुरीच्या बाया सांगून ठेवलेल्या, आणि ती सगळं टाकून गोमाजीबाबाला घेऊन निघाली. मी गेले नाही. मी भंडाऱ्यात नवीन नोकरीवर होते आणि त्या दिवशी एका रस्त्याच्या भूमिपूजनाची बातमी मला सहाच्या आत द्यायची होती. दिली. सहा ओळी छापून आल्या. त्याचा हिशोब माझ्या माथी आहे, तुझ्या नाही.

मामांच्या पडवीत बैठक झाली. गोमाजीबाबानं एकच विचारलं, "पोरगी जेवली का तेथं? तेवढंच सांगा, बाकीचं मले नोको." तू आदल्या दिवशी तिला भेटून आली होतीस, म्हणून सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "हो. माझ्या डोळ्यांसमोर खाल्लं."

आई उठली. परत येऊन मला एवढंच म्हणाली, "खाल्लं म्हनते पोरीनं. गुंजननं पाह्यलं. आता कायले बोलावू तिले?" आणि आडवी झाली ती पंधरा दिवस. पऱ्हे जागच्या जागी पिवळे पडले. शेतातल्या आमच्या धानाच्या बांध्या त्या वर्षी रिकाम्या राहिल्या, शेजारची गोदावरीबाई येऊन रोज सांगायची, "शेवंता, मी चार बाया देतो, उठ," आणि आई भिंतीकडे तोंड करायची. तुझ्या पुस्तकात धान्याची देवी मुलीच्या प्रेमावर जळते आणि सूड म्हणून पृथ्वी नापीक करते. काही ठिकाणी तू तिला विनोदी केलं आहेस, छाती बडवणारी, मुलीचं लग्न लांबवणारी बाई. शेवंताबाईनं सूड घेतला नाही, गुंजन. तिच्या हातात रोप धरायचं बळ उरलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर मोनिका दर वर्षी पोळ्याला दोन दिवस यायची. आई तिला काही विचारायची नाही, कारण पोरगी स्वतःहून जेवली म्हटल्यावर विचारायचं काय. मोनिका काही सांगायची नाही, कारण तिनं त्या दिवशी संजीवच्या खिडकीतून आईला बसस्टँडकडे परत जाताना पाहिलं होतं. हाकही न मारता गेली ती आई, तिला सांगायचं काय. मी मोनिकावर चिडलेली होते, म्हणून मीही विचारलं नाही. तिघी जणी पंधरा वर्षं एका ताटलीत करंज्या खात गप्प बसलो. तीन वर्षांपूर्वी आई गेली. गेली ती तेच मनात धरून.

या मे महिन्यात मोनिकाची मुलगी तुझं पुस्तक घेऊन आली. अकरावीत आहे, तुझी भक्त आहे. मोनिका तांदूळ निवडत होती आणि पोरगी तिला मोठ्यानं वाचून दाखवत होती. "आई, तू ऐकून नाई राहिली ना?" असं मधूनमधून रागवत. मग तो प्रसंग आला. देवांचा म्हातारा विचारतो, हिनं इथलं काही खाल्लं का. आणि नायिकेची सखी पुढे होऊन म्हणते, हो, माझ्या डोळ्यांसमोर. तू त्या सखीच्या डोळ्यांत पाणी आणलं आहेस आणि तिच्यामुळे प्रेम जिंकलं असं लिहिलं आहेस.

त्या दुपारी मोनिकाचा मला फोन आला. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या दिवसाबद्दल विचारलं. "ताई, गोमाजीबाबानं काय विचारलं होतं? अन् सांगितलं कोनं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ताई, ते मुरमुरे होते. गुंजननं मामाच्या घरून रुमालात बांधून आणले होते. मुरमुरे अन् गूळ. म्हने, माह्या घरचं आहे, याले काई दोष नाई, खाय."

माझ्याजवळ अर्धी गोष्ट होती, तिच्याजवळ अर्धी. दोन्ही अर्धुकं जोडणारी एकच व्यक्ती होती आणि ती पुण्यात बसून डाळिंबाबद्दल लिहीत होती.

तू घाबरली होतीस का? चिठ्ठ्यांचं बाहेर येईल म्हणून? असशील. की तुला खरंच वाटलं की हे प्रेम आहे आणि आपण ते वाचवतो आहोत? तेही शक्य आहे, तेव्हाही तू असलीच पुस्तकं वाचायचीस. पण पुस्तक लिहिताना तू अठराची नव्हतीस. तेव्हा तुला मुरमुरे आठवत होते, नाही तर त्यांच्या जागी दाणे मोजून सहा ठेवले नसतेस. मी भंडाऱ्याच्या वाचनालयातून ग्रीक कथांचं जुनं पुस्तक आणून पाहिलं. मूळ कथेतही साक्षीदार आहे, पाताळातल्या बागेचा माळी. त्यानं सांगितलं म्हणून पोरगी अडकली. पुढे धान्याच्या देवीनं त्याचं घुबड केलं. तेवढंच पान तू गाळलंस.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. येत्या रविवारी अकरा वाजता भंडाऱ्याजवळच्या शहापूरला तुझा सत्कार आहे. कार्यक्रमपत्रिका माझ्यासमोर आहे, बातमी मीच करणार आहे. तू डाळिंबाचं प्रकरण वाचणार आहेस, नंतर पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं आहेत. मोनिका सोमवारीच मुलीला घेऊन दिघोरीला आली आणि आईच्या खोलीत झोपते आहे. संजीवकडे परत जायचं की नाही, ते ती रविवारनंतर ठरवणार म्हणते. तिनं मला बजावलं होतं, तुला कळवू नको म्हणून. तिचं न ऐकता कळवते आहे. मागच्या वेळी तू पडवीत एका क्षणात उत्तर दिलंस, या वेळी तुला तीन दिवस मिळावेत. मोनिका पहिल्या रांगेत बसेल, शेजारी तिची मुलगी, मांडीवर रुमालात बांधलेले मुरमुरे. पंधरा मिनिटांतलं पहिलं मिनिट ती मागणार आहे. तिला एवढंच विचारायचं आहे की ते कोणाच्या घरचे होते, आणि उत्तर तिच्या मुलीला ऐकायचं आहे.

तुझी नव्हे, मोनिकाचीच,
रेणूताई