चौथ्या कार्बनाची बाजू

प्रिय आई,

फोनवर मी नोहाचं नाव काढलं की तुझं गॅसवर दूध असतं. पत्र असं मधेच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही सोनईत बरे आहोत. बाळी दवाखान्यातून घरी आलीये. पिवळेपणा उतरला, उलट्या थांबल्या, अंग धरतेय. शेजारणी विचारतात, आता खूश ना? मी हो म्हणते. खरं सांगू? मला काहीच वाटत नाही गं. पहिल्या लेकराला, नोहाला, मातीत ठेवून आलो तेव्हापासून आत सगळं बधिर आहे. आमटी अळणी झाली तरी मला कळत नाही, तुझा जावई यशया सांगतो.

आता तुझ्या मास्तरीण लेकीचं जरा ऐक. बारावीच्या पोरांना मी दरवर्षी फळ्यावर ग्लुकोज काढून देते. सहा कार्बनांची उभी साखळी, बाजूंना हायड्रोजन आणि ओएच. शेजारी गॅलॅक्टोज. तेच अणू, तेवढेच, सूत्रही तेच. फक्त चौथ्या कार्बनावरचा ओएच उजवीकडून डावीकडे गेलेला. पोरं म्हणतात, मॅडम, एवढ्यानं काय होतंय? मी म्हणायचे, मार्क जातात.

दुधातली साखर म्हणजे ही दोन्ही एकमेकांना जोडलेली. पोटात सुटी होतात. ग्लुकोज अंगी लागतं, गॅलॅक्टोजचं मात्र शरीराला आधी ग्लुकोज करून घ्यावं लागतं. ते करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बाळीच्या अंगात जन्मापासून नाही. म्हणून दूध तिला विष, माझंसुद्धा. नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग नोहाचं विचारलं. तोच पिवळेपणा, त्याच उलट्या. म्हणाले, त्यालाही हेच असणार. बाळी आता सोयाच्या पावडरीवर आहे. मला अजून पान्हा फुटतो. मोरीत पिळून टाकते आणि पाणी ओतते.

आता मधाचं. नोहाला तू बोटानं मध चाटवलास, आपल्याकडं सगळ्याच आज्या चाटवतात, आणि आठवड्यात तो गेला. तुला कुणी काही बोललं नाही, तूच स्वतःला बोलत बसलीस. तेव्हापासून कुणाचं लेकरू पुढं आलं की तू उजवा हात पदराखाली घेतेस. मी काय आंधळी आहे का? बाळी झाली तरी घोडेगावहून जवळची सोनईही तुला लांबच पडली.

मधात ग्लुकोज असतं आणि फ्रुक्टोज. गॅलॅक्टोज नसल्यातच जमा. तान्ह्याला मध देऊ नये हे खरं, डॉक्टर त्यावर रागावलेही. पण नोहा त्यानं गेला नाही. तो दुधानं गेला, मी छातीशी धरून पाजलेल्या. यात आईचा काही दोष नाही, असं डॉक्टर मला दोनदा म्हणाले. माझा नाही, तर तुझा कुठून आला गं?

एवढं सांगायलाच हे पत्र. रविवारी चर्च सुटलं की यशया मोटरसायकल घेऊन तुझ्या दारात येईल. दूध नको, मध नको, काही आणू नकोस. ये, हात धू, बस, आणि ते बोट बाळीच्या मुठीत दे. ती लवकर सोडत नाही.

तुझीच लेक,
आराधना