आमच्या गावाची गुळगुळीत पुस्तिका

प्रिय रेमंड,

तुझ्या पर्यटन खात्याची नवी पुस्तिका पोस्टानं आली. कागद छान गुळगुळीत आहे. पण ऑगस्टच्या जत्रेआधी ती एकाही पाहुण्याच्या हातात पडता कामा नये. का ते सांगते, पण आधी मला पोटभर रागावू दे.

आपला खसखस भरलेला गोड पाव, कोलाच, म्हणजे "चेक लोकांचा डोनट" हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं? लहानपणी मधली खसखस बोटानं कोरून खायचास आणि उरलेला पाव बहिणीच्या ताटात सरकवायचास, तुला तरी हे शोभतं का? धान्याच्या कोठाराला तुम्ही "ऐतिहासिक मनोरा" करून टाकलंत. अरे, मक्याचे ट्रक आजही तिथंच रिकामे होतात! आणि आम्ही कोण, तर "नेब्रास्कातली अजून भूतकाळात राहणारी साधी माणसं". शेजारच्या अल्बिनाला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "भूतकाळात राहतो होय? मग माझे गुडघेच तेवढे पुढं कसे गं निघून आले?" ती हसली. मला हसू आलं नाही.

तुझ्या बाबांनी ही पुस्तिका सरळ शेगडीत घातली असती. जन्मभर त्यांनी गावच्या बँडमध्ये तो अगडबंब पितळी भोंगा, ट्यूबा, वाजवला, लग्नात आणि मयतालाही. त्यांनी बजावून ठेवलं होतं, मला पोचवताना काळे कोट नकोत, जत्रेतली लाल जाकिटं घाला आणि नाचाचा पोल्का वाजवा. पोरांनी शवपेटीमागून चालत, रडत रडत वाजवला. कोपऱ्यावर पर्यटकांची बस थांबली, माणसं उतरून फोटो काढायला लागली, एक बाई तर ठेका धरून टाळ्या वाजवत होती. अल्बिना ओरडली, "अहो बाई, वरात नाहीये ही!" मीच तिला गप्प केलं. परकी माणसं, त्यांना काय कळणार? तू शिकागोच्या पर्यटन मेळाव्यात होतास, निघता येत नाही म्हणालास. मी गावाला सांगितलं, त्याचं विमान चुकलं.

आता पुस्तिकेचं मुखपृष्ठ बघ. लाल जाकिटातला बँड आहे, वर तुझी ओळ आहे, "या, आमच्यासोबत नाचा!" शेवटच्या रांगेत, भोंगेवाल्याच्या रिकाम्या जागी, पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी पाठमोरी चालते आहे. ती मी आहे, रेमंड. आणि बँडच्या पुढं, जिथं तुम्ही फोटो कापलात, तिथं तुझे बाबा आहेत.

तुझीच,
आई