लायक असतो तो जगतो

मास्तर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. माझा राग गेलेला नाही.

परतूरच्या शाळेत तुम्ही उत्क्रांतीचा धडा सरकारी उर्दू पुस्तकातून वाचलात आणि आम्हाला मराठीत समजावलात. जीवातून जीव कसे बदलत आले, ते छान सांगितलंत. मग म्हणालात, "लायक असतो तो जगतो. नालायक मरतो." पुढच्या रांगेतल्या वतनदारांच्या मुलांकडं हात केलात. "ही घराणी पिढ्यान् पिढ्या वर आहेत, ती उगाच नाही." मी धनगराचा मुलगा, शेवटच्या रांगेतला. तरी ते वाक्य मी घरी नेलं.

त्या वर्षी मला आणि धाकट्या बहिणीला एकदमच पटकी झाली होती. ती गेली, मी उठलो. बा रोज देवीपुढं उभा राहून भांडायचा. "सटवे, तुला माझीच लेक घावली का?" शिव्या संपल्या की घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरांकडं जायचा. मी त्याला तुमचं वाक्य ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला.

तो दारात उभा आहे. पायताण हातात. "मास्तर, रोग आला की कधी धष्टपुष्ट एडका मरतो अन् लंगडी मेंढी राहती. मंग लंगडी लायक का?" वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही.

"तू मेंढरं हाक. मला शास्त्र शिकवू नको."

"न्हाई शिकवत. माझी पोर नालायक होती का, तेवढं सांगा."

एक 'नाही' पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, "नियम कोणाचं तोंड पाहत नाही. होती."

बा पुन्हा देवीकडं गेला नाही. देवीला शिव्या घालता येत होत्या, नियमाला कुठं घालणार? आईनं पोरीचं नाव काढलं की तो उठून जायचा. जणू मरून पोरीनंच घराला खाली पाहायला लावलं होतं.

पुढं मी ते शास्त्र स्वतः वाचलं. त्यात लायकी कुठंच नाही. त्या जागेला, त्या हवापाण्याला जे जुळलं ते टिकलं, एवढंच आहे. ते बाला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं, किंवा होतं आणि पुढची रांग दुखवायची नव्हती.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. पण बा असेपर्यंत जे त्याला सांगितलं नाही, ते इथं लिहितो. तुम्ही "होती" म्हणालात तेव्हा मी शेवटच्या रांगेत ताठ बसलो होतो. मला बरं वाटलं होतं. मी जगलो होतो.