निघतानाची शिंक

आई, आज कॉलेजात मी नाक शिकवलं. हसू नकोस, खरंच. नाकाच्या आतल्या अस्तरात जन्मजातच रिसेप्टर असतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, असं मुलांना सांगत होते. बाहेरचं काही शिरलं की ते ओळखतात आणि बाकीच्या पेशींना हाका मारतात. काहींच्या नाकात मात्र साध्या धुळीवरही ही हाकाहाक होते, आणि मग नाक त्या धुळीशी कायमचं वैर धरतं. सांगता सांगता मला तू दिसलीस, नाकातोंडावर पदर गच्च दाबून धरलेली.

राजपुऱ्यातलं आपलं घर, भिंतीला लागून पॉवरलूम. सुताचा बारीक भुरा पार भांड्यांवर बसायचा. सकाळी तुझ्या शिंका सुरू व्हायच्या त्या नेमक्या बाबा निघायच्या वेळेला. निघताना शिंक म्हणजे अपशकुन. बाबा चपला काढून परत बसणार, पाणी पिणार आणि कामावर जायची नेपानगरची गाडी चुकणार. म्हणून डबा हातात द्यायची आत्या, आणि तू मागे मोरीत. "धूलकोटला माहेरी बरी बंद होते गं तुझी शिंक! सारे नखरे," आत्या म्हणायची. नखरे कसले गं! तिथे लूमची धूळ नव्हती, एवढंच. आज हे मला ठणकावून सांगता येतं, तर ऐकायला तुम्ही दोघीही उरला नाहीत.

मी इंदूरला शिकायला निघाले तो दिवस. दारात रिक्षा, बाबा बॅग ठेवतायत. "वहिनी, तू अंदरच थांब, पोरगी पहिल्यांदा निघाली," आत्या सांगते. हातावर दही ठेवते तीही आत्याच. मोरीचं दार लोटलेलं. मी ओरडते, "आई, येते गं!" आतून ओ येत नाही. तू श्वास रोखून उभी असशील, हे मला कळतं. दिवाळीला यायचं होतं, त्याआधीच तुझ्या तापाचा फोन आला. मी पोचले तेव्हा तू बोलत नव्हतीस.

माझ्या भल्यासाठी तू शिंक दाबलीस, असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण हे पत्र कुठे टाकायचंच नाही, म्हणून सांगते. रिक्षा सुटेपर्यंत माझे कान मोरीकडेच होते. तू एकदा मोठ्यांदा शिंकावंस आणि मला चपला काढून परत घरात बसावं लागावं, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं.