सुईचं टोपण

३ डिसेंबर

टोचली. डाव्या हाताच्या बोटात.

किसनराव म्हणून तापाचे पेशंट आहेत. त्यांचं रक्त घेतलं आणि सुईला टोपण परत लावायला गेले. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं — वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, सरळ डब्यात टाकायची. इथे डबा कायम भरलेला. मी पुलगावला या दवाखान्यात रुजू झाले त्याच दिवशी मोठ्या सिस्टर प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या, "टोपण लावत जाय. उघड्या सुया झाडूवाल्या बाईले टोचतीन. पुस्तकातलं पुस्तकात राहू दे."

थेंबभर रक्त आलं. दाबलं नाही, नळाखाली साबणाने धुतलं. तेवढं आठवलं. लगेच वरिष्ठांना कळवायचं, हेही आठवलं. कळवलं नाही.

४ डिसेंबर

ताप उतरेना म्हणून किसनरावांना मुलाने सकाळीच नागपूरला हलवलं. त्यांच्या रक्तात काय होतं, आता कोणाला विचारू? मुलाचा फोन लागत नाही. कालचा नमुना लॅबने टाकून दिला.

चहाच्या वेळी प्रमिलाबाईंना सांगितलं. "धुतलं ना? मंग झालं. आमाले काय कमी टोचल्या? डॉक्टरले सांगशीन तं म्हणतीन, पोरीले कामच येत नाई."

परीक्षेत हाच प्रश्न होता. एचआयव्हीची लागण टाळायची औषधं तीन दिवसांच्या आत सुरू करायची, जितकी लवकर तितकी बरी. पूर्ण मार्क मिळाले होते मला! सगळं येतं, आणि दिवसभर चादरी बदलत बसले.

आर्वीच्या सरकारी दवाखान्यात औषध मिळेल. पण आर्वी धनंजयचं गाव. वैशाखात आमचं लग्न. एचआयव्हीच्या औषधांच्या खिडकीशी कोणी ओळखीचं दिसलं तर?

५ डिसेंबर

वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. दात दुखतो म्हणून सुट्टी काढली. तिथल्या औषध देणाऱ्या बाई म्हणाल्या, "नर्स हायेस ना? मंग दोन दिवस काऊन वाया घालवले?" 

पहिली गोळी तिथेच, त्यांच्यासमोर घेतली. 

९ डिसेंबर

गोळ्यांनी सारखी मळमळ. अंजू — माझ्यासोबत खोलीत राहते — म्हणाली, "काऊन उलट्या करून राह्यली वं? काही भानगड तं नाई ना?" ती हसली. मीही हसले.

१४ डिसेंबर

धनंजयला फोनवर सांगितलं. सगळं.  तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

१५ डिसेंबर

फोन नाही.

१६ डिसेंबर

नाही.

१७ डिसेंबर

आला! शाळेत रजा टाकून, एसटीने. स्टँडवरच्या बाकावर बसलो. चेहरा उतरलेला.

"मी दोन दिवस हेच वाचून राह्यलो होतो. तू पयले काऊन नाई सांगतलं?"

"तू लग्न मोडशील म्हणून."

त्याने मोबाइल काढून गजर उघडला. मग म्हणाला, "गोळी कवा घेतं?"

"संध्याकाळी."

"मी फोन करत जाईन. चुकवू नको."

घरी सांगितलं का, हे मी विचारलं नाही. भीती वाटली.

२० डिसेंबर

डॉक्टरांना सांगून टाकलं. सुईचं, वर्ध्याच्या गोळ्यांचं, आणि भरलेल्या डब्याचंही.  "त्याच दिवशी यायला हवं होतंस," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत नवे डबे आले.

प्रमिलाबाई तेव्हापासून बोलत नाहीत.

१ जानेवारी

गोळ्या संपल्या. आता वाट बघायची. बोटावर खूणसुद्धा नाही, तरी रोज बघते.

१९ जानेवारी

एचआयव्ही निगेटिव्ह. मार्चमध्ये एकदा पुन्हा तपासायचं. धनंजयला स्टँडवरूनच फोन केला.

२२ जानेवारी

चादरींच्या खोलीत प्रमिलाबाईंनी गाठलं. दार लोटून घेतलं. वाटलं, आता बोलणी बसणार.

"वर्ध्याले पुन्हा कवा जातं?"

"मार्चमध्ये."

"लय लांब हाय." पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "मले या नोकरीत किती डाव टोचलं, मलेच ठाव नाई. एकदाही तपासलं नाई. भेव वाटे. तू संगं येशीन?"

२९ जानेवारी

प्रमिलाबाईंच्या रक्तात बी प्रकारची कावीळ निघाली. कधीपासून आहे, कोणी सांगू शकत नाही. गाडीत पुलगाव येईपर्यंत माझा हात धरून होत्या. ही घरच्यांनाही लागू शकते; नवऱ्याला, मुलांना तपासावं लागेल, लस द्यावी लागेल. "तूच सांग त्याईले," म्हणाल्या.

उद्या त्यांच्या घरी जायचं आहे. काय सांगायचं ते सगळं पाठ आहे. सुरुवात कशी करायची, ते येत नाही.