चादरीचा कोपरा

सोमवार, ३ तारीख

मुकादम आजारी. पोटाचं ऑपरेशन झालंय म्हणे, महिनाभर तरी येत नाही. नाही आला तर माझं काही अडलेलं नाही! मालक फोनवर म्हणाला, "तुमचं तुम्ही सांभाळा बायांनो." सांभाळू की. दवाखान्याच्या चादरी धुवायच्या आणि इस्त्री करायच्या, त्याला काय दिवाणजी लागतो?

दुपारी सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, नियम करू. गरम रोलरच्या तोंडाशी उभं राहून ओली चादर आत सारायची म्हणजे वाफेने तोंड भाजतं. पलीकडे पंख्याखाली उभं राहून घड्या घालायच्या म्हणजे मजा. मुकादमाच्या लाडक्या दोघी कायम पंख्याखाली. ते बंद. दर ट्रॉलीला बाजू बदलायची — सगळ्यांनी. मीसुद्धा.

आमच्यात एक धिप्पाड आहे, भरलेली ट्रॉली एका हाताने ओढते, तिला सगळ्या पहिलवान म्हणतात. ती म्हणाली, "तू काय निवडून आलीस का गं?" खूप हसल्या. पण हात वर केले सगळ्यांनी.

बुधवार, ५

पोरीची परीक्षा आहे. एक कादंबरी लागलीय तिला. मी भांडी घासतेय आणि ती मोठ्याने वाचतेय. शहरातली शिकलीसवरली माणसं पुरात एका टेकडीवर अडकतात. आधी सभा, नियम, पाळ्या. एका मास्तराने घरातलं घड्याळ वाचवून आणलेलं, त्याला रोज चावी देतात. मग चावी द्यायला कोणी उठेना. मग काठ्या घेऊन एकमेकांच्या अंगावर.

पोरगी म्हणते, "आई, ते घड्याळ म्हणजे घड्याळ नाही. प्रतीक आहे. सभ्यतेचं."

"मग त्यांनी वेळ कशात बघायची?"

"आई!!"

मग विचारते, तू तिथे असतीस तर कोण असतीस? म्हटलं, चावी देणारी. दुसरं कोण!

शनिवार, ८

काम वेळेआधी उरकतंय. मालकाचा फोन आला तेव्हा मी होते. म्हटलं, "मुकादमापेक्षा बरं चाललंय मालक. पाचच्या आधीच मोकळ्या होतो आम्ही." "वा वा," म्हणाला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ११

मालकाने आणखी एका दवाखान्याच्या चादरी आणून टाकल्या. म्हणे तुम्हाला वेळ उरतो असं कळलं. पगार तेवढाच.

पहिलवान कडाडली, "कुणी सांगितलं त्याला? आपल्यातली कोण ती?"

मी. मीच. शहाणपणा करायला गेले. सांगायला तोंड उघडलं आणि नुसतीच खोकले.

बुधवार, १२

पाळ्या मोडल्या. पहिलवान पंख्याखालून हलेना. "मला चक्कर येते." तिच्या दोन मैत्रिणींनाही लगेच चक्कर!

एक नवी आहे, दोन महिने झाले लागून. डबा एकटी खाते, बोलते कमी. ती तेवढी म्हणाली, "ताई, पाळी ठरली होती ना आपली?"

पहिलवानने तिला खालपासून वर न्याहाळलं. "हिला फार नियम लागतात! हीच ती चुगलखोर."

झालं. एवढ्यावर ठरलं. नवीने माझ्याकडे पाहिलं. मी हातातली घडी सारखी करत बसले. सारखीच होती ती.

गुरुवार, १३

नवीच्या डब्यात कोणीतरी साबणाची पूड टाकली. सगळ्या हसल्या. मीही. थोडी.

पोरगी विचारते, कादंबरीतलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र कोण? म्हटलं, मास्तर. "नाही. आमच्या बाई म्हणतात, बाकीचे. त्यांना लेखकाने नावंसुद्धा दिली नाहीत. ती माणसं वाईट नसतात गं आई. नुसती तिथे असतात."

तुझ्या बाईंना म्हणावं, एक दिवस या आमच्या रोलरवर. मग शिकवा.

शनिवार, १५

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

सुटायच्या आधी पहिलवान म्हणाली, "चला गं, हिला धुऊन काढू!" थट्टाच होती. दोघींनी नवीला उचलून रिकाम्या ट्रॉलीत कोंबलं. ती म्हणतेय, "पुरे ना आता, सोडा." पहिलवानने तिच्यावरून ओली चादर झटकली — आणि कोपरा माझ्याकडे आला.

आमच्या कामात समोरून कोपरा आला की हात धरतोच. विचारत नाही. धरायचा, ताणायचा, सुरकुती काढायची. इतकी वर्षं तेच. मी धरला. ताणला. बाकीच्यांनी बाकीचे धरले. चादर गच्च बसली, आत तिचा आवाज दबला. मग कोणीतरी ट्रॉली ढकलली आणि आम्ही कोपरे धरून बरोबर पळालो. हसत! दाराजवळ उतार आहे. तिथे ट्रॉली सुटली आणि खांबावर आदळली.

नवीचं मनगट असं वळलं होतं की बघवेना. रोलर मागे एकटाच फिरत होता. ती रडली नाही. म्हणाली, "मी कुणाला काही सांगितलं नव्हतं हो."

पाय घसरून पडली, असं मालकाला कळवायचं ठरलं. पहिलवानने ठरवलं. आम्ही माना हलवल्या.

रविवार, १६

काल लिहिलं की हात धरतोच. हाताने धरला, कबूल. पण पळाले ती पायांनी. हसले ती तोंडाने. त्यांना कुठली सवय होती?

सोमवार, १७

नवीच्या घरी गेले. एक खोली. हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने चहा केला तिने माझ्यासाठी. नको म्हटलं तरी केला. घरात कमावणारी तीच, सासू अंथरुणावर. सासूने पडल्यापडल्या विचारलं, "कामावरची का गं ही? चांगली आहे, बघायला आली."

नवी दारापर्यंत आली. "ताई, तुम्ही तरी सांगा सगळ्यांना, मी चुगली केली नाही. आणि मालकांना म्हणावं, हात बरा झाला की परत घ्या हिला. तुमचं ऐकतील."

म्हटलं, सांगते.

खरंच सांगणार आहे. पहिलवानसमोर सांगणार.

गुरुवार, २०

मालक आला होता. मला एकटीला आत बोलावलं. मुकादम आता परत येत नाही, त्याच्या जागी मी. पंख्याखाली खुर्ची. म्हणाला, "त्या दिवशी फोनवर सांगितलंस ना, तसंच सांगत जा मला." मग म्हणाला, "ती हात मोडलेली परत येते म्हणते. घ्यायची का?"

मी म्हटलं, नको.